ट्रेव्हरची हिवाळी फ्रेम

ट्रेव्हर ऑर्मरॉड माझ्याशी पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याने नावगाव काही विचारलं नाही. "पोरी, मडगार्ड नाही तर शेपटाला जा," एवढंच म्हणाला. मी सायकल क्लबात नवी होते, नोव्हेंबर होता, आणि माझ्या मागच्या चाकाचा चिखल सरळ त्याच्या तोंडावर उडत होता. आमच्या क्लबाचा नियमच आहे. हिवाळ्यात रांग जोडीजोडीने चालते, आणि ज्याच्या सायकलीला मडगार्ड नाही त्याने सगळ्यांच्या मागे, एकट्याने यायचं. मला असा राग आला की पुढच्या रविवारी मडगार्ड लावूनच गेले. हा माणूस क्लिथरो गावच्या बसवर ड्रायव्हर आहे आणि प्रवाशांशीही असाच बोलतो, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून दर रविवारी मी त्याच्याच जोडीला असते.

पुढे तो निवृत्त झाला आणि त्याच्या बोटांचे सांधे धरायला लागले. उन्हाळ्यात कसंबसं निभायचं. थंडीत मात्र गिअरची कळ त्याला दाबता येईना. गेल्या हिवाळ्यात वॅडिंग्टनच्या चढावर तो जड गिअरमध्येच अडकला. धापा टाकत वर आला आणि दुसरीकडे बघत मला म्हणाला, "लिन, तेवढी कळ दाब." मी दाबली. कोणी पाहिलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस एक हिवाळा घरी बसला की वसंतात परत येत नाही, हे आम्ही क्लबात फार पाहिलं आहे. ट्रेव्हरला त्याचीच धास्ती होती.

उपाय सोपा वाटत होता. विजेवर चालणारे गिअर घ्यायचे, बटणाला बोट लावलं की झालं. क्लबातल्या एकाने आपला जुना, विजेच्या तारांचा गिअर-संच त्याला दिला. आता फक्त या तारा नळ्यांच्या पोटातून नेणारी आणि मडगार्ड बसणारी फ्रेम हवी होती. "फक्त" हा शब्द मी त्याच्यासमोर एकदाच वापरला.

पहिली फ्रेम आली तिला मडगार्डची भोकं होती, तारेची नव्हती. गावातल्या सायकल दुकानाची मालकीण गेनर म्हणाली, "तार बाहेरून चिकटपट्टीने लावू."

"मी पार्सल बांधतोय का?" ट्रेव्हरने विचारलं. फ्रेम परत गेली.

दुसरीच्या पोटात तार सुरेख गेली. पण चाक आणि फ्रेम यांच्यामध्ये नखाएवढी जागा, तिथे मडगार्ड घुसणार कुठून? गेनरने प्लास्टिकची चिमट्याने लावायची मडगार्डं दिली. ती सगळ्या रस्त्याने खडखडली आणि एका गोठ्यासमोर गळून पडली. ट्रेव्हर थांबला, ती उचलली, आणि आपण होऊन रांगेच्या शेवटी गेला.

"ये रे पुढे, आजच्या दिवस चालेल," क्लबाचा कप्तान ओरडला.

"नियम केला तेव्हा तू डायपरमध्ये होतास," ट्रेव्हर म्हणाला. तो दिवसभर मागेच राहिला. माझ्या जोडीला दुसरं कोणीतरी आलं आणि सगळा वेळ आपल्या कुत्र्याबद्दल बोललं. मी दर वळणावर मागे बघत होते.

त्यानंतर त्याला फ्रेमशिवाय काही सुचेना. चहाच्या टेबलावर फ्रेम, फोनवर फ्रेम. या कंपन्यांचं मला आजही कळत नाही. तार हवी तर तुम्ही शर्यतवाले, मडगार्ड हवं तर दुकानात दूध आणायला जाणारे. दोन्ही हवं असलेला, हात दुखणारा, पावसात चढ चढणारा म्हातारा त्यांच्या हिशेबात कुठेच नाही. त्याची बायको ग्लेनिस बीन्स-टोस्टची बशी त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "मला पसंत करताना इतकी चौकशी केली नव्हतीस."

"तुला मडगार्ड लावायचं नव्हतं," तो म्हणाला.

जानेवारीत तिसरी फ्रेम आली. पोलादी, बाटलीसारखी हिरवी. तार आत गेली, मडगार्ड बसलं, मध्ये बोट जाईल इतकी जागा उरली. गेनरने दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

रविवारी धुकं होतं आणि रस्ते ओले होते. ट्रेव्हर माझ्या जोडीला होता. चढावर तो उगीचच गिअर बदलत होता, प्रत्येक वेळी बारीक गुणगुण व्हायची. "ऐकलंस?" तो म्हणायचा. मी म्हणायचे, "ऐकलं बाबा, ऐकलं." इतका खूश तो कित्येक महिन्यांत दिसला नव्हता.

उतारावर तो माझ्या पुढे गेला. खालच्या तिठ्यावर आम्ही सगळे थांबलो. तो थांबला नाही. सरळ रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाच्या झुडपात घुसला. नशीब, गाडी येत नव्हती. तो चिखलाने माखून उठून बसला तेव्हा पोरं हसली. मी सायकल उचलून ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही ठणठणीत होते.

"ब्रेकला काय झालंय?" मी विचारलं.

"ब्रेकला काही नाही झालं," तो म्हणाला. त्याने हात पुढे केला आणि मूठ वळायला गेला. बोटं अर्ध्यातच थांबली. "गिअरला एक बोट पुरतं. ब्रेकला नाही पुरत."

मी सगळ्यांना पुढे पाठवलं. आम्ही दोघं दर उतारावर खाली उतरून चालत गेनरच्या दुकानात आलो.

गेनरने ऐकून घेतलं. "तेलाचे डिस्क ब्रेक लाव. हलक्या हाताने लागतात."

"मग लाव."

"या फ्रेमला ते बसवायला जागा नाही, ट्रेव्हर."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसरी फ्रेम."

तो हीटरजवळच्या खुर्चीत बसून राहिला. माझं मात्र डोकं फिरलं. वर्षभर आम्ही तारा, भोकं, जागा बघत बसलो आणि या हातांकडे कोणी नीट पाहिलंच नाही.

"निदान हेल्मेट तरी काढ," मी त्याच्यावरच डाफरले.

त्याने हनुवटीखालच्या चिमट्यावर बोटं ठेवली, दाबली, परत दाबली. मग हात मांडीवर ठेवला.

"सकाळी ग्लेनिसने लावलं होतं," तो म्हणाला. "रोज तीच लावते."

मी वाकून चिमटा दाबला. हेल्मेट निघालं, केस घामाने चिकटले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. गेनरकडे वळून म्हणाला, "बघ तर खरं, कुठली फ्रेम मिळते ती."