काय न्हाय, झोप

आमच्या घरात नवरा-बायकोनं एकमेकांना नावानं हाक मारायची पद्धत नाही. मी त्यांना ‘अहो’ म्हणते, ते मला ‘ऐकलं का’ म्हणतात. चोवीस वर्षांच्या संसारात माझं नाव त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलंय, एकदा लग्नातल्या उखाण्यात आणि एकदा गॅस एजन्सीच्या खिडकीवर. ‘ऐकलं का’ हेच माझं नाव, आणि दिवसा त्याबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

तक्रार रात्रीची होती. मी झोपलेली असायचे आणि शेजारून हाक यायची, ऐकलं का? मी दचकून ‘हं?’ म्हणायचे. मग अंधारातून शांतपणे उत्तर यायचं, काय न्हाय, झोप. आता झोपलेल्या माणसाला उठवून त्यालाच झोप म्हणून सांगायचं, याला काय म्हणावं? एखाद्या रात्री झालं तर ठीक. पण हे रोज, आणि एकेका रात्रीत पाच-सहा वेळा. सकाळी जाब विचारला की म्हणायचे, मी कुठं हाक मारली, तुला सपान पडलं असंल.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, ते यंत्रमाग कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस. आम्ही दोघंही माळशिरसकडचे, पोटापाण्यासाठी सोलापुरात आलो आणि जुळे सोलापुरात दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन इथलेच झालो. मुलगा शिकायला पुण्यात. म्हणजे घरात दोनच माणसं, त्यांतलं एक रात्रभर हाका मारणार आणि दुसरं दिवसभर पेंगणार.

आणि पेंगणं म्हणजे साधंसुधं नाही. सकाळी उठले की डोकं जड, तोंडाला कोरड. मधल्या सुट्टीनंतर फळ्याकडे पाठ करून उभी राहिले तरी डोळे मिटायचे. सहकारी शिक्षिका म्हणायच्या, बाई, रात्री काय दळण दळता काय? एकदा तर सात रस्त्याच्या सिग्नलला दोन्ही पाय टेकवून स्कूटीवर बसल्या बसल्याच माझा डोळा लागला. हिरवा दिवा लागून गेला असावा. मागे हॉर्नचा कल्लोळ झाला, तेव्हा मी जागी झाले. एक म्हातारा रिक्षावाला शेजारी रिक्षा आणून, अजिबात न रागावता म्हणाला, “बाई, घर जाके सोव ना.” त्याचं ते मायेचं बोलणं ऐकून मला रडूच आलं. घरी जाऊन झोपायची सोय असती तर मी रस्त्यात कशाला झोपले असते?

त्या दिवशी घरी येऊन मी त्यांच्यावर सगळा राग काढला. उद्या मी ट्रकखाली गेले तर त्याला तुम्ही जबाबदार, असं म्हणाले. आता ते आठवलं की माझी मला लाज वाटते. तुम्हाला झोप येत नसेल तर बाहेर पडा, मला निजू द्या, असंही म्हणाले. सतरंजी आणि चादर काखेत मारून ते हॉलमध्ये गेले. मात्र जाताना म्हणाले, “दार पुढं कर, पण कडी लावू नको.”

मी कडी लावली. मुद्दाम, आवाज होईल अशी लावली.

सकाळी दार उघडलं तर ते उंबऱ्याला टेकून बसलेले. डोळे लाल, सतरंजीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला वाटलं, हा हट्ट आहे. या माणसाला बायकोची झोपसुद्धा बघवत नाही म्हणायचं. चार दिवस मी कडी लावली आणि चारही दिवस ते दाराशी बसले. हाकसुद्धा येत होती, पण बंद दारातून ती माझ्यापर्यंत कितपत पोचत होती, देव जाणे. त्या चार दिवसांत माझं डोकं आणखीच दुखायला लागलं. मला मनोमन वाटत होतं की आता हाका नाहीत तर मी ताजीतवानी उठायला हवी. उलट शाळेत जिना चढताना मला धाप लागली, रक्तदाब तपासला तर तो भलताच चढलेला. मुख्याध्यापिकांनी सक्तीनं सुट्टी दिली आणि डॉक्टरकडे जा म्हणाल्या.

आता इथं मला मागची एक गोष्ट सांगायला हवी. सहा-सात वर्षांपूर्वी नणंदेच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गावी गेलो होतो. आम्ही सगळ्या बायका एका मोठ्या खोलीत ओळीनं झोपलो होतो. सकाळी चहाच्या वेळी चुलत सासूबाईंनी भर मंडपात विचारलं, रातभर उसाचा ट्रॅक्टर कुणी घरात घेतला हुता गं? सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले, कारण तिथं दुसरं काय करणार. पण परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून मी टेंभुर्णीपर्यंत रडत होते. पुरुष घोरला तर दमलाय बिचारा, निवांत झोपलाय म्हणतात. बाईमाणूस घोरलं की गावभर चेष्टा. मी त्यांना विचारलं, खरं सांगा, मी घोरते का? ते म्हणाले, न्हाय, अजिबात न्हाय, मी शेजारी झोपतो, मला कळणार न्हाय व्हय? चुलतीच घोरत असंल आन् नाव तुझ्यावर ढकललं. मला ते इतकं बरं वाटलं की मी लगेच विश्वास ठेवला. त्यानंतर मात्र कुणाच्याही लग्नाला मी मुक्कामाला राहिले नाही.

तर आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. त्यांनी रक्तदाबाचं सोडून भलतंच विचारलं, रात्री घोरता का? मी ठामपणे नाही म्हणाले. त्या यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, काका, तुम्ही सांगा. हे टोपी हातात घेऊन खाली बघत बसले. कारखान्यात चाळीस मागांच्या खडखडाटात एक माग थांबला तरी या माणसाची मान त्या बाजूला वळते, आणि इथं समोरचा प्रश्न ऐकू न आल्यासारखे हे टोपीची घडी घालत होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, झोपेत श्वास अडकतो का कधी?

“अडकतो,” ते म्हणाले. “आधी मोठ्यानं घोरती. मग एकदम गप्प हुती. मी आकडे मोजतो. वीस झाले की हाक मारतो. ती हं म्हणती, आन् श्वास चालू हुतो.”

डॉक्टरांनी विचारलं, किती वर्षांपासून? ते म्हणाले, लगनापास्नं घोरती, पण हे थांबायचं पाच-सहा वरसांचं. तुम्ही हे आधी कुणाला का सांगितलं नाही, असं डॉक्टर जरा रागानंच म्हणाल्या. तेव्हा ते माझ्याकडे वळले. “तू त्या एसटीत लई रडली हुतीस. मी न्हाय म्हणून बसलो. मग परत फिरवायचं कसं, ते कळंना.”

मला त्या खुर्चीत बसवेना. ज्या हाकेला मी शिव्या दिल्या, जिच्यासाठी या माणसाला खोलीबाहेर काढलं, तीच हाक मला जिवंत ठेवत होती. आणि मी कडी लावून झोपले होते. मी दवाखान्यातच पदर तोंडाला लावून रडले, आणि हे बिचारे डॉक्टरांनाच सांगत होते, तिची काय चूक न्हाय हो, तिला कुटं म्हाईत हुतं.

दवाखान्यात अंगाला तारा लावून एक रात्र तपासणी झाली. झोपेत श्वास थांबतो, हे जे निदान यांनी आधीच केलं होतं, तेच कागदावर आलं. झोपताना नाकावर मुखवटा लावायचं मशीन घ्यायला सांगितलं. वजन उतरवायचं, रात्रीचं जेवण आठच्या आत, संध्याकाळनंतर चहा बंद, आणि उताणं झोपायचं नाही. उताणं न झोपण्यावर यांनी आपल्या डोक्यानं उपाय काढला. माझ्या जुन्या गाऊनला पाठीवर चादरीच्या कापडाचा खिसा शिवला आणि त्यात कापडाची गुंडाळी भरली. उताणी व्हायला गेले की ती टोचायची. मी म्हणाले, सोलापूरची चादर लोक अंगावर घेतात, तुम्ही ती माझ्या पाठीत घातली. त्यांना हसू आवरेना.

मुखवट्याची सवय व्हायला दीड महिना लागला. पहिल्या रात्री मी तो उपटून फेकला. दुसऱ्या रात्री आरशात बघून म्हणाले, हत्ती दिसतेय. तिसऱ्या रात्री त्यांनी तो स्वतःच्या तोंडावर लावून दाखवला आणि म्हणाले, बघ, गार वारं येतं, फुकटचं. हळूहळू मी झोपायला लागले. सकाळी उठल्यावर डोकं हलकं, हे माझ्या लक्षात यायलाही दोन दिवस गेले. वर्गात मुलांना पूर्ण गोष्ट सांगितली, मध्ये एकदाही डोळा लागला नाही.

झोप आली नाही ती त्यांना. आता मी घोरत नव्हते आणि खोली शांत होती. इतकी वर्षं शांतता झाली की उठायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. मग ते माझ्या मशीनच्या नळीवर तळहात ठेवून पडायचे, आतून वारं जातंय हे हाताला कळायला हवं म्हणून. मी कितीदा सांगितलं की काही बिघडलं तर मशीन ओरडतं. ते म्हणाले, मशीनवर इश्वास ठेवायचा तर आमाला कारखान्यात कशाला ठिवलं असतं? मग मी त्यांचा हात हातात घेऊन झोपायला लागले.

गेल्या महिन्यात एका सकाळी मला आपोआप जाग आली. खिडकीतून ऊन आत आलेलं, पावणेआठ वाजलेले. त्यांची सातची पाळी. मला वाटलं ते कधीच गेले असतील, आणि वळून बघते तर ते शेजारीच झोपलेले. तोंड अर्धं उघडं, एक हात गादीबाहेर, कपाळावरची आठी गेलेली. गेल्या कित्येक वर्षांत मी या माणसाला झोपलेलं पाहिलंच नव्हतं. रोज मी झोपेन तेव्हा ते जागे, मी उठेन तेव्हा ते जागे. झोपेत ते त्यांच्या वयापेक्षा किती लहान दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. मी हळूच मुखवटा काढला आणि श्वास मोजत त्यांच्याकडे बघत बसले. एकही चुकत नव्हता.

तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. पलीकडचा माणूस घाबरलेला होता, कारण हे कधी पाच मिनिटंसुद्धा उशिरा गेलेले नव्हते. तो म्हणाला, वहिनी, तब्येत बरी हाय न्हवं त्यांची? मी स्वयंपाकघरात जाऊन, दार ओढून घेऊन सांगितलं, बरी आहे. झोपलेत. आज त्यांना उठवणार नाही.