पोलादी मावशींचं ऑपरेशन

ऑपरेशननंतर पेशंटला जिथे शुद्धीवर आणतात, त्या खोलीत मावशी बावीस वर्षं कामाला होत्या. पेशंटचे ओठ पांढरे पडले, तो सारखा आवंढा गिळू लागला, की ट्रे हजर आणि पेशंट कुशीवर. कुणी कितीही ओको, मावशींच्या पोटातलं पाणी हलत नसे. सगळे त्यांना पोलादी मावशी म्हणत आणि मावशींनाही ते गोड लागे. बसमध्ये दुसऱ्या थांब्यालाच हे पोलाद पिशवी शोधतं, हे फक्त लेकीला ठाऊक होतं. जगाला त्या सांगत, "चालणं तब्येतीला बरं!"

मग त्यांच्याच गळ्यात गाठ निघाली. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई कागद घेऊन आल्या. सिस्टर कौतुकानं भोवती उभ्या होत्या.

"मावशी, बस लागते? आधी कधी भुलीनंतर उलट्या?"

"मला? छे! माझं नाव काय ठेवलंय तुम्ही?"

सगळ्या हसल्या. डॉक्टरबाईंनी 'नाही' लिहिलं. खोट्या मोठेपणापायी माणूस काय काय करतं!

सकाळी स्ट्रेचर हललं आणि मावशींना वर्षापूर्वीची एक बाई आठवली. हेच ऑपरेशन. शुद्धीवर येताना तिला उलटीचे उमासे आले, त्या जोरानं आत रक्त सुटलं आणि बघता बघता मान फुगली. श्वास कोंडून तिचे डोळे बाहेर आले होते. डॉक्टरांनी पलंगावरच टाके उसवून साचलेलं रक्त मोकळं केलं म्हणून ती वाचली. ट्रे मावशींनीच धरला होता.

ऑपरेशन थिएटरच्या दारात त्यांनी डॉक्टरबाईंचा हात धरला. "खोटं बोलले मी. बस लागते मला. लेकीच्या वेळी सिझर झालं, तर भुलीतून उठून दिवसभर ओकत होते."

"अहो मावशी, तुम्हीसुद्धा?" डॉक्टरबाई थबकल्या. "बरं झालं सांगितलंत. उलटी रोखायची दोन औषधं देते, भूलही वासाची न देता शिरेतूनच देते. तरी हमी नाही हं. मळमळलं की लगेच सांगायचं."

शुद्ध आली तेव्हा गळा जड होता. जरा वेळानं तोंडाला पाणी सुटलं. मावशींनी ते मुकाट्यानं गिळलं. पुन्हा सुटलं. पुढे काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"सिस्टर," घोगरा आवाज निघाला, "मळमळतंय गं. मला मरायची भीती वाटतेय."

सिस्टर धावली. सलाईनच्या नळीतून इंजेक्शन दिलं, पलंगाची उशाकडची बाजू वर केली, मानेवरून बोटं फिरवली. "सूज नाही, पट्टी कोरडी आहे. मी इथेच बसते."

घड्याळाचा काटा सरकत राहिला आणि मळमळ हळूहळू उतरली. मावशींना रडू फुटलं. पण हुंदक्याच्या जोरानं आत रक्त सुटेल ही धास्ती होतीच, म्हणून त्या मान न हलवता, बेताबेतानं रडल्या.