पायलीचा परवाना

माझ्या साडभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू अटीशिवाय दिलेली नाही आणि एकही वस्तू तपासल्याशिवाय घेतलेली नाही. ते राहतात नागभीडला, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेत, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे असल्यामुळे मी चंद्रपुरात राहूनही त्यांच्या अटींच्या टप्प्यात येतो. या बहिणीला, म्हणजे ताईंना, बघायला गेले तेव्हा पोह्यांत मीठ कमी आहे हे त्यांनी भर बैठकीत सांगितलं होतं म्हणे. ताईंनी आतून मिठाचा अख्खा डबाच आणून त्यांच्यापुढे ठेवला, आणि लग्न तिथंच ठरलं. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वरण चाखून आचाऱ्याच्या हातात तीन मुद्द्यांची चिठ्ठी दिली. आचारी झारा घेऊन भांडायला उठला, पण तिसरा मुद्दा वाचून मुकाट चुलीकडे परतला, आणि दुसरी पंगत बोटं चाटत उठली. एकदा मी त्यांच्याकडून छत्री आणली. घरी येऊन उघडतो तर काडीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली: 'वापरा. कोणाले पायजे असन तं द्या. मोडली तं दुरुस्त करा. मूळ कोणाची ते सांगा.' मी तेव्हा पोट धरून हसलो. जगभरचे संगणकवाले हेच चार मुद्दे पानंच्या पानं भरून लिहितात, हे मला फार पुढं कळलं.

निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात. भाऊंनी लेकीचा जुना लॅपटॉप सांभाळला आणि वर्षभरात प्रोग्रॅम लिहायला शिकले. शिकले म्हणजे कसे, तर पाटीवर. आधी पाटीवर लिहायचं, लाल खडूनं स्वतःच तपासायचं, उत्तीर्ण झालं तरच लॅपटॉपवर घ्यायचं. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते पायलीचं पॅकेज करणार आहेत. आमच्या झाडीपट्टीत धान मोजायची पायली गावागणिक वेगळी. एका गावच्या दोन पायल्या त्या दुसऱ्या गावच्या पावणेदोन, आणि या पाव पायलीवरून सोयरिका मोडलेल्या आहेत. भाऊंचा बेत असा की गावाचं नाव आणि पायल्या टाकल्या की किलो बाहेर यावेत, आणि हा प्रोग्रॅम जगातल्या कोणालाही फुकट, उघडा, आतून बाहेरून बघता येईल असा मिळावा. "पण भाऊ, हे कोणाच्या कामाचं?" मी विचारलं. "तुह्या कामाचं नाई म्हणून कोणाच्याच कामाचं नाई काय?" ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारून वजनकाटा मांडीत घेऊन निघाले.

दोन वर्षं ते गावोगाव पायल्या मोजत फिरले. गळ्यात चष्मा, हातात काटा, खिशाला लाल पेन, असा माणूस दारात आला की लोकांना तो तपासणीवालाच वाटायचा. एका गावात तर त्यांची स्कूटर दिसताच सगळ्या पायल्या तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात गेल्या, आणि भाऊ एका म्हशीचं फक्त वय नोंदवून परत आले. पण चहा झाला, कोणाचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकलाय हे निघालं, की पायल्या बाहेर यायच्या. त्यांच्या नागभीडपासून तासाभराच्या वाटेवर गिरजाबाई म्हणून म्हाताऱ्या राहतात. त्यांच्या घरची लोखंडी पायली गावात सगळ्यांत जुनी. त्यांनी पायली पुढं केली, पण हातातून सोडली नाही. म्हणाल्या, "मोज मास्तर. पर आमच्या घरची पायली कोणी मांगून नेली तं रिकामी परत येत नाई, मूठभर धान टाकूनच येते. तुह्या त्या मशीनमंदून ते कुठी कुठी जाईन. तिथूनबी रिकामी नोको फिरू देजो." भाऊंनी शब्द दिला. आम्हा बाकीच्यांच्या दृष्टीनं शब्द देणं म्हणजे निरोप घेण्याची एक पद्धत. भाऊंनी तो वहीत तारीख घालून लिहिला.

पॅकेज तयार झालं आणि त्यांनी ते अशा पॅकेजांच्या एका मोठ्या जाहीर कोठारात पाठवलं. तिथं दुसऱ्या देशातला एक माणूस, रिव्ह्यूअर, सगळं तपासून आत घ्यायचं की नाही ते ठरवतो. जन्मभर दुसऱ्यांना तपासलेला माणूस प्रथमच तपासला जाणार होता. आठवड्यानं अकरा त्रुटी आल्या. भाऊंनी मला फोन केला, "बाबू, तू जिंदगीभर ऑफिसात त्रुटीच काढल्या ना? लवकर ये." मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती, ही गोष्ट खरी. पण आमच्याकडे त्रुटी काढणाऱ्याला चहा पाजता येतो. इथं समोर माणूसच नव्हता, आणि तो अत्यंत सभ्य होता. प्रत्येक त्रुटीच्या आधी तो भाऊंचे आभार मानायचा, त्यामुळे धड रागावताही येईना. भाऊसुद्धा प्रत्येक उत्तराच्या शेवटी त्याला 'जय भीम' लिहायचे. "त्याले समजन काय?" ताईंनी विचारलं. "नमस्कारले समजा लागते काय?" भाऊ म्हणाले.

त्रुटी क्रमांक चार अशी होती की 'शीग' म्हणजे काय ते कुठं लिहिलेलंच नाही. आता पायली सपाट भरायची की वर शिगेचा डोंगर करायचा यावर धानाचं वजन बदलतं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत. भाऊंनी ताईंना अंगणात बसवलं, पायली शिगेनं भरायला लावली आणि त्याचा व्हिडिओ पाठवला. व्हिडिओत शेवटी कोंबडी येऊन शीग खाते तेही तसंच राहिलं. रिव्ह्यूअरनं उत्तर दिलं की शीग कळली, कोंबडीचा हिशोब प्रोग्रॅममध्ये धरला आहे का?

खरी लढाई सातव्या त्रुटीवर झाली. त्याचं म्हणणं, तुमचा प्रोग्रॅम दोन म्हटलं की दोन मोजतो, तीन म्हटलं की तीन, पण एक म्हटलं की एक आकडा न देता कसलासा शब्द देतो आणि पुढची सगळी बेरीज कोसळते. भाऊंना यात चूक काय हेच कळेना. धान मोजताना पहिल्या पायलीला आपल्याकडे एक कोण म्हणतं? 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं संगणकालाही 'लाभ, दोन, तीन' असंच शिकवलं होतं, आणि लाल खडूच्या तपासणीतून ते दर वेळी बिनचूक सुटलं होतं. "मी धान मोजून राह्यलो, खिळे नाई," ते तीन दिवस म्हणत राहिले. शेवटी तोडगा ताईंनी काढला. "पोटात एक ठेवा न् तोंडानं लाभ म्हणा. आम्ही दुसरं काय करतो?" भाऊंनी तसंच केलं. आतल्या आत आकडा एकच धरला, पडद्यावर मात्र लाभ उमटतो. आजही उमटतो.

दहा त्रुटी सुटल्या. अकरावी होती परवान्याची. असं पॅकेज कोणी कशा अटींवर वापरायचं हे परवान्यात लिहावं लागतं, आणि भाऊंनी तो आपल्या हातानं लिहिला होता, छत्रीच्या चिठ्ठीसारखा: 'घ्या, वापरा, बदला, पुढं द्या. पायली रिकामी फिरवू नका.' रिव्ह्यूअरनं लिहिलं की वाक्य फार सुंदर आहे, पण कोठारात ठरलेल्या परवान्यांपैकीच एक चालतो, घरचा चालत नाही. बहुतेक लोक सर्वांत सोपा परवाना घेतात, ज्यात काहीही करायची मुभा असते. महिन्याभरात ठरलं नाही तर ही फाईल बंद करावी लागेल. मी म्हणालो, "भाऊ, सोपा घ्या न् मोकळे व्हा. गिरजाबाईंना काय कळणार आहे?" भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीत नापास झाल्याची आठवण झाली, आणि मी चौथीत नापास झालेलो नाही. "तिले कळणार नाई म्हणूनच तं," ते म्हणाले.

त्या सोप्या परवान्यात कोणीही पायल्यांचे आकडे उचलून, त्यात थोडी भर घालून, सगळ्याला कुलूप लावून बसू शकत होता. भाऊंना ते नको होतं. त्यांनी सगळे ठरलेले परवाने छापून आणले आणि लाल पेन घेऊन वाचायला बसले. एक जवळपास बसत होता. त्यात अशी अट होती की बदल करून पुढं दिलंत तर तेही तसंच उघडं, याच अटींवर द्यायचं. पण मूळ मालकाकडे काही परत आणून द्या, असं त्यात कुठंच नव्हतं. शब्द तर परत येण्याचा दिला होता. मुदत संपायला चार दिवस उरले, दोन वर्षांची मेहनत कोठाराच्या दारात अडकलेली, आणि भाऊंचं जेवण निम्म्यावर आलं. तिऱ्हाईताला हसू आलं असतं, पण मला त्या दिवशी त्यांची फार काळजी वाटली. मीच म्हणालो, "चला, बाईंनाच विचारू."

स्कूटरवर मी मागं बसलो. गिरजाबाई ओसरीत सूप घेऊन बसल्या होत्या. भाऊंनी त्यांना अख्खा परवाना कलमवार समजावून सांगितला, जसा दहावीला प्रमेय समजावत असतील तसा, आणि शेवटी मान खाली घालून म्हणाले, "पर बाई, तुमच्याच दारी परत यीन, असं याच्यात लिहून नाई." गिरजाबाई सूप खाली ठेवून हसायला लागल्या. "अवो मास्तर, माह्याच दारी काऊन आली पायजे? माही पायली पारू नेते, पारूच्या घरून यमुना नेते. कोणाच्याबी दारी जाऊ दे. रिकामी नोको जाऊ, बस." भाऊंनी खिशातून लाल पेन काढलं आणि त्या परवान्याच्या कागदावर, ओसरीच्या खांबाला टेकवून, बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी पॅकेज कोठारात दाखल झालं. रिव्ह्यूअरचा निरोप एका ओळीचा होता, आणि शेवटी त्यानं लिहिलं होतं: जय भीम. भाऊंनी ते ताईंना तीनदा वाचून दाखवलं आणि मला फोनवर चौथ्यांदा. पुढं चार महिने काहीच झालं नाही. मग एका सकाळी कोणा अनोळखी माणसानं, समुद्रापलीकडच्या देशातून, आपल्या आजीच्या गावचं धान्य मोजायचं लाकडी माप त्यात घालून पाठवलं, शीग कशी धरायची त्याच्यासकट. भाऊंनी ते अकरा त्रुटी काढून स्वीकारलं. त्याचे आभार मानून, अर्थात.

त्या मापाच्या नोंदीचा छापील कागद घेऊन आम्ही पुन्हा गिरजाबाईंकडे गेलो. त्यांनी कागद उलटासुलटा पाहिला, "मंग आली ना मूठ?" म्हणाल्या, आणि आत जाऊन पायली घेऊन आल्या. तळाशी मूठभर धान होतं. "ने आता. इथी कोणी मोजत नाई, सारे कट्ट्यावर, पोत्यापोत्यानं, मोजून नेतात. पोरगा भंगारात टाकतो म्हणे." भाऊंच्या तोंडून एकही अट निघाली नाही. मी त्यांना पहिल्यांदाच एखादी वस्तू न तपासता घेताना पाहिलं.

परतताना पायली माझ्या मांडीवर होती आणि भाऊ इतक्या हळू चालवत होते की एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं. गावाबाहेर त्यांनी स्कूटर थांबवली. "बाबू, पॅकेजमंदून या गावाचं नाव काढा लागन काय? आता तं इथी पायली नाई." दाण्यांवर हात ठेवून मी नकारार्थी मान हलवली.

नाव त्यांनी काढलं नाही. त्या गावाच्या आकड्याशेजारी एक टीप मात्र घातली, आणि रिव्ह्यूअरनंही ती विनात्रुटी सोडली: 'ही पायली सध्या माह्याकडे हाये. गावाले लागन तवा घिऊन जा. रिकामी देणार नाई.'