शर्टाच्या आत माळ

घरभेटीला मॅडम येणार म्हटल्यावर आईने आधी फ्रिज हलवायला लावला. माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी एका ट्रस्टकडे अर्ज केला होता, आणि घर बघितल्याशिवाय ते छदामही देत नाहीत. "फ्रिज दिसला की अर्ज गेला समज," असं माझ्या वर्गातली, आदल्या वर्षी मदत मिळालेली मुलगी बजावून गेली होती. मग काय, पप्पांनी आणि मी तो खटारा ढकलत घरमालकीणकाकूंच्या ओट्यावर नेला. काकू मूळच्या मोशीच्याच, तोंडाने फटकळ, मनाने मोकळ्या. "ठिव गं हितं. कुनी इचारलं तर आमचा हाय म्हनीन," म्हणाल्या. मला तर हसूच येत होतं.

पप्पांनी खाडा केला होता. चाकणला ठेकेदाराकडे काम, खाडा केला की पगार कापला. अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात तुळशीची माळ. लातूरकडच्या आमच्या गावी माळ घातली तेव्हापासून त्यांनी दारू सोडाच, अंड्यालाही हात लावलेला नाही. दोस्तांच्या पार्टीतून नुसते पापड खाऊन घरी येतात.

मॅडम आल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, चहासुद्धा घेतला. कागद चाळताना म्हणाल्या, "वडील कामाला आहेत, आई पोळ्या लाटायला जातात. मग फीपुरते पैसे का उरत नाहीत?"

उत्तर सरळ होतं. काम असेल तरच पगार, त्यात खोलीचं भाडं, गावाकडे आजीचं औषधपाणी. पण शिकलेल्या बाईपुढे पप्पांची दातखीळ बसते. आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आता संपलं, असं मला वाटलं. दारात उभ्या असलेल्या काकूंनाही तेच वाटलं असणार.

"कुठनं उरत्याल, ताई?" त्या एकदम म्हणाल्या. "समदा पगार बाटलीत घालतोय त्यो. पोरगी गुनाची हाय, तिच्याकडं बघून द्या."

अगं बाई! मॅडम माझ्याकडे वळल्या. "खरं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

मी पप्पांकडे पाहिलं. त्यांचा हात गळ्याशी गेला, माळ शर्टाच्या आत सरकली आणि त्यांनी वरचं बटण लावून घेतलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. त्या क्षणी धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडम गेल्यावर आई काकूंवर कडाडली, "देवमाणसाची अब्रू घालवलीत हो!"

"पोरीचं भलं व्हावं म्हनून बोलले गं," काकू रडकुंडीला आल्या.

"जाऊ द्या आता," पप्पा म्हणाले. "फ्रिज आणू चला, दूध नासंल."

मदत मंजूर झाली. निगडीच्या एका हॉलमध्ये चेकवाटप होतं, पालकांना घेऊन यायचं होतं. मी म्हटलं, आईलाच नेते. "का बरं? मला बघू दे की तुझं कौतुक," पप्पा म्हणाले.

माझं नाव पुकारलं तेव्हा ते माझ्यामागोमाग स्टेजवर चढले, बटण गळ्यापर्यंत लावून. चेक द्यायला त्याच मॅडम. समोर माईक सुरूच होता. त्या अगदी आपुलकीने पप्पांना म्हणाल्या, "लेकीसाठी तरी आता दारू सोडा हं."

पप्पांनी हात जोडले.

"सोडली, मॅडम."

लोकांनी माझ्यापेक्षा त्यांच्यासाठी जास्त टाळ्या वाजवल्या.