दादा पीत नव्हता

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी पालघरच्या शाळेत पाचवीचे पेपर तपासत होते. तो जाणार हे महिनाभर ठाऊक होतं, तरी हातातलं लाल पेन तसंच राहिलं... दातिवऱ्याला घरी पोचले तर अंगणात जमलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. त्यातलं एकच वाक्य माझ्या कानावर पडलं. "बापासारकाच गेला." दीड महिना झाला, ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

आमचे बाबा दारूने गेले. मासेमारीची बोट किनाऱ्याला लागली की ते थेट गुत्त्यावर जायचे आणि त्यांना घरी आणायचं काम दादाचं, म्हणजे हरेश्वरचं. बाबांची उलटी त्याच्या सदऱ्यावर व्हायची. तो विहिरीवर जाऊन सदरा धुवायचा. त्याने जन्मात दारूला हात लावला नाही. स्वतःच्या हळदीला सगळे झिंगलेले असताना हा कोल्ड्रिंकची बाटली घेऊन कोपऱ्यात बसला होता.

तो बोटीवरही गेला नाही. तारापूरच्या केमिकल कारखान्यात यंत्रांच्या कंट्रोल पॅनलसमोर बसायची नोकरी लागली. जवळच कुंभवलीत एकट्यापुरती खोली घेतली आणि सुटीपुरता घरी येऊ लागला. बारा-बारा तास खुर्ची. बदली माणूस आला नाही की पुढची पाळीही त्याचीच. डोळा लागू नये म्हणून गोड चहा, कोल्ड्रिंक, फरसाण, कँटीनची पुरीभाजी. वहिनी भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून द्यायची, ती दोन दिवस पुरायची. पोट सुटलं तेव्हा आईला बरंच वाटलं. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाच्या अंगाला मांस लागत होतं.

कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफी झाली आणि यकृतावर चरबी निघाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता सावरलात तर बरं होण्यासारखं आहे. गोड आणि तळलेलं सोडा, वजन उतरवा, रोज चाला. दादाने कोल्ड्रिंक सोडलं, चहा बिनसाखरेचा केला, वजन थोडं उतरलंही. मग त्याच्या विभागातली दोन माणसं कमी झाली, दुहेरी पाळ्या वाढल्या आणि सगळं पुन्हा तिथेच आलं. मी म्हटलं, नोकरी सोड. सोडून काय करू, एवढंच त्याने विचारलं. बोट तर बाबांनीच विकली होती.

काही वर्षांनी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. यकृत आक्रसल्याचा रिपोर्ट वाचून माझ्या मनात जे आलं ते आज कबूल करते. खोलीवर एकटा राहतो, कुणाला काय कळतंय... तो घरी आला होता तेव्हा मी त्याची पिशवी उघडून पाहिली. आत औषधं आणि रिकामा डबा. मान वर केली तर तो दारात उभा.

"तू पन?" तो म्हणाला. मग पिशवी माझ्या हातातून घेत, "घरी आलो का आय तोंडाचा वास घेते माजा. घेऊ दे. पन तुला तं ठाव हाय ना गो, मी बाबाला कसा आनायचो?"

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, एक थेंब न पिताही यकृत असं आक्रसतं. मी घरी येऊन आईला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि त्या संध्याकाळीही त्याच्या तोंडाजवळ वाकली. लिव्हर म्हणजे दारू, हे तिच्या नवऱ्याने तिला पक्कं शिकवलं होतं.

गेल्या रविवारी वहिनी आणि मी कुंभवलीची खोली रिकामी करायला गेलो. तू चालत नाहीस, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत बोल लावत आले होते. घरमालकीण म्हणाली, चालायचे ना ते. पण बाहेर टँकरची ये-जा, त्यात कारखान्यांच्या वासाने खोकला यायचा, म्हणून दार लावून आतल्या आतच चालायचे. खाट भिंतीला सरकवलेली होती. गॅसच्या ओट्यापासून दारापर्यंत कोब्याचा लाल रंग एका पट्ट्यात उडालेला. वहिनी भांडी भरत होती. मी चपला काढल्या आणि त्या पट्ट्यावरून चालून पाहिलं. सहा पावलं, की बंद दार. वळलं की पुन्हा सहा.