शंभर टक्के आनंदी वर्ग

आम्रपालीबाई म्हणजे कामाला वाघ. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून यायचं, तासिकेवर शिकवायचं आणि वर कायमस्वरूपी प्राध्यापकांची कामंही निमूट उरकायची. नोकरी पक्की व्हायची होती ना! कॉलेजात अशा माणसाच्या गळ्यात काय काय पडतं, विचारू नका.

यंदा गळ्यात पडलं मुलांचं मन. तपासणी समिती यायची होती, म्हणून कॉलेजनं मनःस्वास्थ्याचा ऑनलाइन कोर्स घेतला. मुलांनी आपापले धडे करायचे, दर आठवड्याला प्रश्नांची उत्तरं द्यायची. कोणी फारच खचलेलं दिसलं, तर समुपदेशक बाई त्याला फोन करणार. सोय उत्तम हो, पण करायला वेळ कुणाला?

"शंभर टक्के भरलेलं पाहिजे," विभागप्रमुख ज्ञानदेव सर म्हणाले. "कसं, ते आपण बघा."

आता सत्राअखेरीस एकाचं जर्नल पाहून अख्ख्या वर्गानं उतरवायचं, ही तर आपल्याकडची जुनी रीत. सगळ्यांचे पासवर्ड बाईंनीच वाटलेले. त्या बसल्या आणि उरलेल्या मुलांची उत्तरं धडाधड भरून मोकळ्या झाल्या. झोप? छान. भूक? छान. जगावंसं वाटतं? हो, हो, हो. समिती खूश, सर खूश.

मग उत्तरेश्वर वर्गात दिसेना. बार्शीकडचा, हॉस्टेलवर राहणारा अबोल पोरगा. मुलं म्हणाली, "तो खोलीतून बाहेरच येत नाही, मॅडम."  बाईंनी त्याचं खातं उघडलं. आधीच्या आठवड्याची उत्तरं त्यानं स्वतः दिली होती. झोप नाही. भूक नाही. शेवटच्या प्रश्नालाही नाहीच. खाली समुपदेशक बाईंच्या फोनची वेळ ठरलेली होती आणि त्याखाली नवी ओळ आली होती: प्रकृतीत सुधारणा, फोन रद्द.

ती सुधारणा आम्रपालीबाईंनी भरली होती.

त्या तशाच हॉस्टेलकडे धावल्या.  दार बडवलं, हाका मारल्या. आत सामसूम.

"उत्तरेश्वर! अरे बाळा, दार उघड रे!"

बऱ्याच वेळानं कडी सरकली. पोरगा निम्मा झाला होता. हातात मोबाईल घट्ट धरलेला.

"मॅडम, जरा हळू बोला," तो म्हणाला. "त्या बाईंचा फोन यायचा हाय. तेवढ्यासाठीच थांबलोय मी."

बाईंनी त्याचा हात धरला. तो सोडायची त्यांची छाती होईना.