पांढऱ्या शर्टातला गुप्तहेर

रविवारी जळगावात सिनेमाला गेलो होतो... मी आणि प्रशांत. ते एरंडोलचे, मी पहूरची. आमचं लग्न ठरलंय, पण दोघांनीच असं बाहेर जायची ही पहिलीच वेळ.

तिकिटं त्यांनी काढली होती. गुप्तहेराचा मारधाडीचा सिनेमा. आणि काय सांगू... नुसता वैताग!

हिरो म्हणे गुप्तहेर, पण विमानतळापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्याला नावानं ओळखतात. व्हिलन त्याला खुर्चीला बांधतो आणि शिकवणी घेतल्यासारखा स्वतःचा अख्खा प्लॅन समजावून सांगतो. मग हिरोचा जिवलग मित्र मरतो, वर दर्दभरं गाणं... अहो, पण हा मित्र आधी दिसला कधी? रडायचं कोणासाठी?

सिनेमाचं एक वेळ जाऊ दे. मला धास्ती वेगळीच होती... यांना हे खरंच आवडत असेल तर? जन्मभर असलंच बघत बसायचं?

इंटरव्हलला त्यांनी विचारलं, "कसा वाटतोय?" मी आपलं म्हटलं, "छान आहे." तेही म्हणाले, "हो ना, छानच आहे." झालं! हातातला समोसासुद्धा संपेना.

नंतर हिरो पळत पळत केळीच्या बागेत शिरला. खोडं काय तोडली, गुंडांना काय लोळवलं, स्वतःही लोळला... आणि बाहेर आला तर शर्ट पांढराशुभ्र!

आमच्याकडे केळीचा चीक एकदा लागला की तो डाग जन्मात निघत नाही. अख्ख्या थिएटरात हशा. आणि शेजारून जोरात आवाज आला, "हाई बठ्ठं खोटं शे!" हे सगळं खोटं आहे म्हणे, तेही थेट घरच्या बोलीत! इतका वेळ माझ्याशी अगदी पुस्तकी बोलणारे हेच ते!

मला हसू आवरेना. म्हटलं, "म्हणजे तुम्हाला आवडला नाही?" तर म्हणतात, "मला तर सुरुवातीलाच उठायचं होतं. पण तुम्ही छान म्हणालात..."

क्लायमॅक्स सोडून सरळ बाहेर पडलो आणि पोटभर भरीत-पुरी खाल्ली. यापुढे आवडलं नाही तर तोंडावर सांगायचं, हे तिथंच ठरलं. त्यांनी लगेच सुरुवातही केली... माझा डीपी त्यांना अजिबात आवडत नाही म्हणे! (बदलणार नाहीये. हेही तोंडावरच सांगितलं.)

त्या दिग्दर्शकाचे मात्र मनापासून आभार. सिनेमा थोडा जरी बरा असता ना, तर आम्ही दोघं अजून एकमेकांना "छान आहे, छान आहे" म्हणत बसलो असतो.